काळजीचं मडकं

आमच्या आष्टीच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गात एक लोखंडी कपाट होतं. बाहेरून ते कुठल्याही शाळेतल्या कपाटासारखंच दिसायचं: रंग उडालेला, एक पाय विटेवर, कडी तारेनं बांधलेली, दारावर मुलांपैकी कुणाचं तरी चित्र चिकटवलेलं. पण दार उघडलं की आतून पंधरा-वीस माणसं एकदम काळजीत पडून तुमच्याकडे बघायची. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी रंगीत खडू शोधायला म्हणून ते उघडलं आणि दचकून मागच्या स्टुलावर बसले. स्टुलावर ओलं पोस्टर होतं.

"आता उठू नका मॅडम," खिडकीतून आवाज आला. "उठल्या की साडीसंगं सरपंचपण जातील."

हे खंडागळे सर. उंच, किडकिडीत, शर्टाचा खिसा खडूंनी कायमचा सप्तरंगी झालेला, तोंडात बडीशेप. सरपंचांच्या सत्काराचं ते पोस्टर होतं आणि सरपंचांचा अर्धा गाल माझ्या नव्या साडीवर आला होता. सर जवळ आले, साडी न्याहाळली आणि म्हणाले, "साडीवर बराबर आलाय. कागदावर जरा फुगला व्हता."

कपाटातली माणसं म्हणजे सरांचा संग्रह. डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीतला तो गृहस्थ, ज्याच्या कपाळातून लाल विजा निघतात. विमा कंपनीच्या कॅलेंडरवरचा नवरा, बायको-मुलं गाढ झोपलेली आणि हा आढ्याकडे बघत जागा. जुन्या कॅलेंडरवरची विरहिणी, गालाला हात, पायाशी हरिण आणि हरणालाही काळजी. सरकारी पोस्टरवरचा, भेगा पडलेल्या जमिनीवर बसून आभाळाकडे बघणारा. मालिकेतली सून, जी पदर तोंडात धरून तीन वेळा मान वळवते. झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून आणलेलं मोबाइलमधलं पिवळं तोंडही होतं, कपाळावर निळा थेंब लटकलेलं.

सर त्याला 'खोट्यांचं कपाट' म्हणायचे.

"हे बघा मॅडम," ते पट्टीनं एकेकाला टोचत सांगायचे, "ह्या सगळ्यांची काळजी हातात हाय. गालाला हात लावला की साधी काळजी. कपाळाला लावला की मोठी. दोन्ही हात डोक्याला लावले की पेपरात फोटो. आन् ज्याचे हात कामात गुतलेत, त्यानं काळजी कधी कराची?"

हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी साडीच्या काळजीत होते.

त्यांनी एकदा सातवीच्या वर्गाला 'काळजीत पडलेला माणूस' असा विषय दिला होता. अख्ख्या वर्गानं कपाळाला हात लावलेला माणूस काढला. एकानं तर हात चुकून तीन काढले, तिन्ही कपाळाला. फक्त एका मुलीनं तांदूळ निवडणारी बाई काढली होती. सरांनी विचारलं, "हिच्यात काळजी कुठंय गं?" ती म्हणाली, "सर, ते तांदूळ आईनं सकाळीच निवडले व्हते." सरांनी ते चित्र कपाटात नाही, कपाटाच्या बाहेर, दारावर चिकटवलं. आत खोटे, बाहेर खरी. तेव्हापासून त्यांनी माणसांकडे बघायची पद्धतच बदलली, असं जुने शिक्षक सांगायचे. मला विचाराल तर त्यांना चारचौघांत टक लावून बघायला एक सभ्य कारण मिळालं.

कुणाची काळजी अंगात कुठं राहते हे ते पत्ता सांगावा तसं सांगायचे. मुख्याध्यापकांची काळजी उजव्या बुटात. पाहुणे येणार असले की टाच वाजायला लागते. शिपायाची किल्ल्यांच्या जुडग्यात. मी विचारलं, माझी?

"तुमची चष्म्यात. काच स्वच्छ असली की पुसता."

मी चष्मा पुसतच होते. खाली ठेवला.

खुद्द सरांना मात्र काळजी नावाची चीज नाही, याबद्दल गावाचं एकमत होतं. तपासणीला साहेब येणार म्हणून आम्ही सगळे खालीवर होत असायचो आणि सर स्टाफरूममध्ये मांडी घालून गोष्ट सांगत बसायचे. गोष्टीही त्यांच्याकडे पुष्कळ, पण एक हमखास. केदारखेड्याच्या म्हाताऱ्याची. म्हातारा जन्मात पहिल्यांदा फोटो काढायला जालन्याला गेला. फोटोवाल्यानं त्याला खुर्चीवर बसवलं, मान सरळ केली आणि म्हणाला, "बाबा, हसा." म्हातारा म्हणाला, "आधी फोटू दाखव. हसण्यासारखा असला तर हसतो."

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पोट धरून हसले. दुसऱ्यांदा हसले. पुढे पुढे ते "केदारखेड्याचा एक म्हातारा..." म्हणाले की आम्ही एकमेकांकडे बघायचो. वय झालं, सांगितलेलं आठवत नाही, असं एकजण म्हणायचा. कुणी म्हणायचं, देव सरांना घडवताना काळजीची पुडी सोडायलाच विसरला. खंडागळे वहिनी शाळेच्या मागच्याच गल्लीत भाड्याच्या घरात राहायच्या. मी एकटीच आहे म्हणून अनेकदा जेवायला बोलवायच्या. त्या या चर्चेत कधी पडायच्या नाहीत. मी सरांच्या बेफिकिरीबद्दल काही म्हणाले की माझ्या ताटात आणखी एक भाकरी पडायची. वहिनींचं ते उत्तर होतं हे मला फार उशिरा कळलं. तोवर वजन वाढलं ते वाढलं.

सरांची खरी कीर्ती झाली ती मडक्यांमुळे.

आमच्याकडे बांधकाम सुरू झालं की समोरच्या बाजूला काळं मडकं उलटं टांगतात आणि त्यावर चुन्यानं राक्षसाचं तोंड काढतात: बटबटीत डोळे, सुळे, लोंबती जीभ. जळणाऱ्या माणसाची पहिली नजर त्या मडक्यावर पडून तिथंच मरावी, घराला लागू नये, असा हिशोब. बियाण्याच्या दुकानाचे भगवानराव दुमजली घर बांधत होते. शेजारीच चुलतभावाचं एकमजली घर, मधे सामाईक भिंत, आणि त्या भिंतीवरून दोघांचं बोलणं कैक वर्षांपासून बंद. भगवानराव मडकं घेऊन सरांकडे आले.

"सर, असं तोंड काढा, की भावाची नजर तिथंच गार झाली पायजे."

सर म्हणाले, "राक्षसाला आता कोण भितंय भगवानराव? पोरं त्याच्यासंगं फोटो काढून राह्यली. जळणाऱ्याला भ्या दाखवून काय उपयोग न्हाई, त्याचं समाधान कराचं. त्यानं वर बघितलं आन् दिसलं, की घरवाला सोताच काळजीत हाय, तर तो जळंल कशाला? उलट चार घास जास्त खाईल."

भगवानरावांना हे पटलं की नाही कुणास ठाऊक, पण सरांशी वाद घालून जिंकलेला माणूस आष्टीत नव्हता. अट एकच: स्लॅब टाकायच्या दिवशी सर तिथं येऊन बसणार. घरमालकाची अस्सल काळजी त्या दिवशी दिसते. सिमेंट कमी पडेल का, मिक्सर मधेच बंद पडेल का, आभाळ भरून येईल का; शिवाय सगळ्या मजुरांना गोड जेवण घालायचं असतं, त्यामुळे सरांचीही सोय.

सर दिवसभर खुर्ची टाकून बसले. दोन वेळा बुंदी घेतली. भगवानरावांनी कपाळाला एकदाही हात लावला नाही. ते ओठांचा चंबू करून शीळ घालायला जायचे, शीळ निघायची नाही, नुसतीच हवा. आणि एक भुवई वर चढली की ती तिथंच विसरून कामाला लागायचे. दुसऱ्या दिवशी सरांनी मडक्यावर तेवढंच काढलं. एक चढलेली भुवई आणि एक चंबू.

रहीम मिस्त्री मडकं टांगायला शिडीवर चढले. अर्ध्या गावाची घरं त्यांच्या हातची. त्यांनी मडकं फिरवून बघितलं आणि शिडीवरूनच म्हणाले, "सर, हे राक्षस कुठाय? हे तर बिलकुल भगवानराव हाय!"

घोटाळा तिथंच झाला. नुसतंच काळजीचं तोंड असतं तर गाव बघून पुढे गेलं असतं. पण रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला भगवानराव मडक्यात काळजी करताना दिसायला लागले. संध्याकाळपर्यंत बातमी झाली की भगवानरावांचं काहीतरी बिनसलंय. दुकानात लोक बियाणं सोडून तब्येत विचारायला लागले. कुणी पोटदुखीचं औषध सांगितलं, कुणी वकिलाचं नाव. त्यांच्या मावशींचा परतूरहून फोन आला. आणि बाजाराच्या दिवशी, ज्याच्यासाठी मडकं टांगलं होतं तो चुलतभाऊच डब्यात पिठलं-भाकरी घेऊन दारात उभा राहिला. वर मडक्याकडे बघून म्हणाला, "भगवान, काय असंल ते सांग बाबा. भिंतीचं बघू नंतर."

भगवानराव तणतणत शाळेत आले. "सर, गावात मी बुडालो म्हणून बोंब झाली!"

"कुणाची नजर लागली का?"

"न्हाई, पण..."

"मंग?"

भगवानरावांची भुवई चढली. ओठांचा चंबू झाला, हवा गेली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मडकं राहू द्या तिथंच. आज भावाकडं जेवायला बोलवलंय."

यानंतर रहीम मिस्त्रींची जी कामं निघाली, त्यांत सिमेंट, वाळू, सळई आणि खंडागळे सर हे धरूनच चालायचे. सर पैसा घ्यायचे नाहीत, स्लॅबचं जेवण घ्यायचे. मंठ्याच्या रस्त्यानं जाताना घरोघरचे मालक मडक्यावरून काळजी करताना दिसायचे. एकाचे गाल फुगलेले, कारण तो काळजीत खात सुटायचा. एका बाईंचे डोळे मिटलेले. त्या स्लॅबच्या दिवशी मजुरांना इतका चहा पाजत होत्या की शेवटी मिस्त्रीनं थर्मास लपवला, आणि थर्मास सापडेना तेव्हा त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. नव्या आलेल्या माणसाला पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "पुढं जा, वाकड्या तोंडाचं मडकं लागलं की उजवीकडं." आणि खरं सांगते, त्या घरांवर कुणी जळायचं नाही. वर बघितलं की माणूस हळूच हसायचा आणि आपलीच मान चोळायचा.

मग सरांनी स्वतःचं घर बांधायला काढलं.

मंठ्याच्या रस्त्याला छोटा प्लॉट, दोन खोल्या, पुढं ओटा. स्लॅबच्या दिवशी रहीम मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून आले, कारण आज सरांची शकल बघायची होती. मीही सुट्टी टाकून गेले. इतक्या वर्षांचा हिशोब चुकता करायचा होता. आणि सरांनी काय केलं? सकाळी मिक्सर सुरू होताच केदारखेड्याचा म्हातारा काढला. मिक्सरवाल्याला सांगितला, घमेली वाहणाऱ्या बायांना सांगितला, पाण्याच्या टँकरवाल्याला खाली उतरवून सांगितला. दुपारी पश्चिमेला आभाळ काळं झालं तेव्हा तर सर शिडीच्या मधल्या पायरीवर उभे राहून वरच्यांना एकदा आणि खालच्यांना एकदा असा सांगत होते. एक मजूर हसता हसता घमेल्यासकट बसला.

"सर," रहीम मिस्त्री वैतागून म्हणाले, "गावाची काळजी तुम्ही काढली, आन् सोताच्या टायमाला हसून राह्यले. मी मडक्यावर काय काढू?"

मडकं कोरंच टांगलं गेलं.

आणि वहिनी अडून बसल्या. स्वभावानं गरीब बाई, पण त्या दिवशी ओट्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या. "सगळ्या गावाची तोंडं काढली. आपल्याच घराला कोरं मडकं? त्याच्यावर तुमचं तोंड आल्याबिगर मी ह्या घरात यायची न्हाई."

"अगं, मला काळजीच न्हाई तर तोंड कुठून आणू?"

"सापडंल. हुडका," वहिनी म्हणाल्या आणि भाड्याच्या घरात जाऊन भाकरी थापायला बसल्या.

घर बांधून तयार, रंग दिलेला, नळाला पाणी, आणि राहायला कुणी नाही. सर शाळा सुटली की जाऊन एकटेच ओट्यावर बसायचे, वर कोरं मडकं. त्यांना खरोखर लाज वाटायला लागली होती. जगाची काळजी ओळखणारा माणूस स्वतःच्या दारात नापास. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मॅडम, एक उपकार करा. मी कधी काळजीत दिसलो की जल्दी सांगा. मी आरशात बघून घेतो."

त्यासाठी त्यांनी केशकर्तनालयातून एक जुना हातआरसा आणला आणि शिपायाकडे दिला. मग शाळेत नवाच खेळ सुरू झाला. निकालाच्या दिवशी सरांच्या मागे मी, माझ्या मागे शिपाई, शिपायाच्या हातात आरसा. तपासणीच्या दिवशीही तेच. साहेबांना वाटलं ही आमच्या शाळेची काही शिस्त असावी. एकदा सरांची स्कूटर उतारावर ब्रेक न लागता थेट बाजारात शिरली. आम्ही आरसा घेऊन धावत पोचलो, तर सर कांद्यांच्या ढिगात बसून कांदेवाल्याला सांगत होते, "...तर म्हातारा म्हणतो, आधी फोटू दाखव..."

मी हात टेकले. या माणसाला काळजी नाहीच, यावर मी तरी शिक्का मारला.

त्याच वर्षी हिवाळ्यात वहिनींच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, मग मोठी. आवाज बसायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढायची, तपासायला पाठवायची, साधी की कशी ते नंतर कळेल. मूलबाळ नव्हतं, घरात ही दोनच माणसं. मी रजा टाकून सोबत गेले.

वहिनींना आत नेलं आणि दार लागलं. मी बाकड्यावर बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"मॅडम, काच झिजंल," सर म्हणाले. आणि शेजारी सलाईनची बाटली धरून बसलेल्या माणसाकडे वळून, "पाहुणे, केदारखेड्याच्या म्हाताऱ्याची गोष्ट ऐकली का?"

त्या माणसाला सांगून झाली. नर्स बाहेर आली, तिला सांगितली. झाडूवाल्या मावशींना सांगितली. मावशी बिचाऱ्या झाडू टेकवून हसल्या, तेव्हा माझं डोकं सटकलं.

"सर, आत वहिनी आहेत! त्यांच्या गळ्यावर सुरी चालू आहे आणि तुम्हाला हसायला सुचतं? जरा तरी काळीज आहे की तेही खडूचं?"

सरांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, खिशातून बडीशेप काढली, ती खाली सांडली. वाकून एक एक दाणा वेचला आणि खाली चहाच्या टपरीवर गेले. मला वाटलं, बरं झालं, लागलं एकदाचं. थोड्या वेळानं खिडकीतून टपरीवरचा आवाज आला. "...खुर्चीवर बसवलं, मान सरळ केली..."

संध्याकाळी वहिनी शुद्धीवर आल्या. गळ्याला पट्टी, बोलायची सक्त मनाई. मी उशाशी बसून त्यांचा हात धरला, आणि माझ्या पोटात काही राहत नाही, म्हणून सगळं सांगून टाकलं. तुमचा नवरा असा, तुमच्या नवऱ्यानं दिवसभर हेच केलं.

वहिनींनी डोळे उघडले. दोन्ही हातांची चौकट करून डोळ्यासमोर धरली आणि बोटानं कळ दाबल्यासारखं केलं. फोटोची?

"हो, तीच."

मग त्यांनी बोटं हलवून विचारलं, किती वेळा?

मी एका हाताची सगळी बोटं दाखवली, मग दुसऱ्या हाताची, मग दोन्ही हात हवेत सोडून दिले. वहिनींच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि त्या हसल्या. चादर गळ्यापर्यंत ओढली आणि शांत झोपल्या. गुंगी उतरली नसावी, असं मी समजले.

पुढं रिपोर्ट आला. गाठ साधी निघाली. सरांनी शाळेत पेढे वाटले आणि त्या दिवशी एकही गोष्ट सांगितली नाही. पेढे खाण्याच्या नादात तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आठवडाभरानं रहीम मिस्त्री माझ्याकडे आले, म्हणाले, "भाभीनं मडकं खाली काढून आणाया सांगितलं. लिहून दिलं. सरला सांगू नको म्हणे." मग गृहप्रवेशाचं बोलावणं आलं. वहिनी येणार म्हटल्यावर सर चक्रावले. मडकं तर कोरंच होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

त्या दिवशी ओट्यासमोर आम्ही सगळे जमलो. भगवानराव आले होते, चुलतभावाला घेऊन. वर मडक्यावर पोत्याचा तुकडा झाकलेला. वहिनींनी मान हलवली, रहीम मिस्त्रींनी दोरी ओढली, पोतं खाली आलं.

मडकं हसत होतं.

चुन्यात बोट बुडवून काढलेलं तोंड. वहिनींना रांगोळीपलीकडे काही येत नव्हतं, त्यामुळे डोळे म्हणजे दोन ठिपके, आणि खाली या कानापासून त्या कानापर्यंत पसरलेलं हसू. खिशाच्या जागी, म्हणजे मडक्याला जिथं खिसा असता तिथं, दोन-चार रंगीत ठिपके. सरांना ओळखायला आणखी काही लागत नव्हतं.

गाव हसायला लागलं. रहीम मिस्त्री डोक्यावरची टोपी मागं सारून म्हणाले, "भाभी, काळजीचं काढाचं व्हतं. हे तर हसून राह्यलं!"

वहिनींचा आवाज अजून फाटका होता. सगळे गप्प झाले तेव्हाच तो ऐकू आला.

"हसत न्हाई ते. काळजीत हाय." त्या थांबल्या, थोडा श्वास घेतला. "मला बघाया आल्ते, तवा आमच्या ओसरीवर बसून हीच गोष्ट सांगितली. फोटूची. दोनदा. माझ्या बापाला वाटलं, पोरगं लई आनंदी हाय. मला कळलं, पोरगं लई घाबरलंय." मग पदर सावरत म्हणाल्या, "म्हणून तर हो म्हणले."

 माझ्या डोळ्यासमोरून निकालाचे दिवस गेले, तपासणी गेली, काळं आभाळ आणि शिडी गेली, कांद्यांचा ढीग गेला. आरसा घेऊन आम्ही नेमके तेव्हाच धावत होतो जेव्हा ते तोंड समोर होतं, आणि दर वेळी निराश होऊन परत येत होतो. दवाखान्यातलं ते बाकडं आठवलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी सरांकडे वळल्या. "घ्या. फोटू दाखवला. हसण्यासारखा असला तर हसा."

सर वर बघत राहिले. तोंड उघडलं, बहुधा केदारखेडा येणार होतं, पण आलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो खडूनं भरलेला, तोच डोळ्यांना लावला. निळ्या-पिवळ्या गालांनी त्यांनी नव्या घराचा उंबरा ओलांडला. माझ्या साडीवरच्या सरपंचांसारखे दिसत होते.

ते मडकं अजून तिथंच आहे. घर बांधून झालं की मडकं उतरवतात, पण वहिनी उतरवू देत नाहीत. रस्त्यानं जाणारे नवखे लोक बघतात आणि म्हणतात, काय सुखी माणसाचं घर आहे. आष्टीची माणसं त्यांना काही सांगत नाहीत.

गेल्या जूनमध्ये माझी बदली झाली, भोकरदन तालुक्यात. सर तेव्हा निवृत्त झाले होते. निघायच्या दिवशी आष्टीच्या स्टँडवर आले, हातात वहिनींनी दिलेला डबा. गाडी लागली होती. त्यांनी माझी बॅग वर ठेवली, काढली, दुसऱ्या बाजूला ठेवली. खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. डबा आधीच दिला होता, तरी रिकाम्या हाताकडे बघितलं. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तसे दोन पावलं पुढे आले आणि खिडकीची दांडी धरली.

"मॅडम, तुमच्या नव्या गावाच्या रस्त्यालाच केदारखेडा लागतं बरं का. तिथल्या म्हाताऱ्याची गोष्ट... तुम्हाला सांगितली का मी कधी?"

मी चष्मा काढला आणि पुसायला लागले.

"नाही सर," मी म्हणाले. "सांगा ना."